घाबरल्यावर छाती का धडधडते?

रात्री अचानक आरडाओरड झाली की आपली छाती धडधडते, घाम सुटतो. हे काम अॅड्रिनॅलिनचे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावरील अॅड्रिनल ग्रंथींच्या पेशींत ते बारीक पिशव्यांत साठवलेले असते. मज्जातंतूचा निरोप येताच पेशीची दारे उघडतात, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि पिशव्या रिकाम्या होऊन अॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते. १९६१ मध्ये डग्लस आणि रुबिन यांनी मांजराच्या ग्रंथीवर हे दाखवले: द्रावणात कॅल्शियम नसेल तर निरोप मिळूनही अॅड्रिनॅलिन सुटत नाही.

म्हणून धडधडीवर आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नयेत. रक्तातले कॅल्शियम शरीर स्वतः सांभाळते. विनाकारण वारंवार धडधड, घाम, डोकेदुखी होत असेल, तर अंगारा-धुपारा न करता डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावा, असे आम्ही आवर्जून सांगतो.