पुन्हा विद्यार्थी होताना : बेस गिटार, ॲरिस्टॉटल आणि मोठ्या वयातला रियाज

आजचा विषय थोडा घरगुती वाटेल, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे. प्रश्न असा की, तरुणपणी एखादं वाद्य शिकत होतो, नोकरी-संसारात ते सुटलं, आणि आता चाळिशीत, साठीत किंवा त्याही पुढे पुन्हा क्लास लावला, तर ते टिकवायचं कसं? उदाहरण मी बेस गिटारचं घेणार आहे, कारण कॉलेजात असताना मी ती वाजवत होतो आणि निवृत्तीनंतर पुन्हा शिकतो आहे. तुमच्याकडे माळ्यावर हार्मोनियम असेल, सतार असेल. मुद्दा फारसा बदलत नाही.

ज्यांना हे वाद्य परिचयाचं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वी खालचे सूर वाजवायला माणसाएवढा उंच डबल बेस असायचा. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ नावाची विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली. तिला पडदे होते, म्हणून सूर नेमका लागायचा. नावातली ‘प्रिसिजन’ ती. चार तारा, साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. सगळ्यांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. लोक गाणं ऐकताना बेसकडे लक्ष देत नाहीत, पण ती काढून घेतली तर गाण्याखालची जमीन गेल्यासारखं होतं. तबल्यात डग्ग्याचं जे काम, तसंच काहीसं.

आता वादाकडे येऊ. ॲरिस्टॉटल ‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये म्हणतो की, माणूस वाद्य वाजवूनच वादक होतो, जसा न्यायाने वागूनच न्यायी होतो. हे आपल्याला पटतं. पण तोच ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या पुस्तकात वेगळा सल्ला देतो. मुलांनी वाद्य वाजवायला जरूर शिकावं, कारण त्याशिवाय चांगलं-वाईट कळणार नाही. मात्र मोठं झाल्यावर वाजवणं सोडून द्यावं आणि लहानपणच्या शिक्षणाच्या जोरावर पारख करावी, आनंद घ्यावा. म्हणजे तरुणाने वाजवावं आणि प्रौढाने परीक्षण करावं.

मला सांगा, आपण सगळे नेमकं हेच करत आलो की नाही? ॲरिस्टॉटल न वाचता! वाद्य सुटलं, पण ऐकणं सुटलं नाही. मैफली ऐकल्या, रेकॉर्डी जमवल्या, कोण बेसूर, कोण लयीत कच्चा, हे आपल्याला पटकन कळतं. चाळीस वर्षं कान तयार होत राहिला आणि हात होता तिथेच राहिला. किंबहुना मागे गेला.

मोठ्या वयात परत येणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. लोक म्हणतात वेळ नाही, बोटं वळत नाहीत. त्यात तथ्य आहेच. पण क्लास सुटतो तो बहुतेक वेळा यामुळे नाही. तो सुटतो, कारण आत बसलेला परीक्षक पहिल्या आठवड्यातच निकाल देऊन मोकळा होतो. दहा वर्षांच्या मुलाला हा त्रास नसतो, त्याचा कान आणि हात एकदमच वाढतात. आपला कान सत्तरीचा आणि हात जेमतेम पहिलीतला.

ॲरिस्टॉटलच्या विरुद्ध बाजूला उभा आहे सॉक्रेटिस. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात तो सांगतो की, उतारवयात आपण कॉनस नावाच्या शिक्षकाकडे तंतुवाद्य शिकायला जातो. वर्गातली पोरं त्याला हसतात, आणि कॉनसलाही ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’ म्हणून चिडवतात. सॉक्रेटिसला स्वतःच्या हशाचं काही वाटत नाही. त्याला काळजी आहे ती आपल्यामुळे शिक्षकाची थट्टा होते याची. किती बारीक निरीक्षण आहे बघा. तो परीक्षक म्हणून तिथे बसलेलाच नाही, तो विद्यार्थी म्हणून बसला आहे.

हे बसणं सोपं नसतं. माझे शिक्षक सव्वीस वर्षांचे आहेत. ते मला ‘सर’ म्हणतात, मी त्यांना ‘सर’ म्हणतो. सुरुवातीला दोघांनाही अवघड जायचं. ते म्हणायचे, “सर, तुम्हाला चालणार असेल तर जरा हळू वाजवूया का?” मी त्यांना म्हटलं, “सर, मला विचारू नका, सांगा.” आयुष्यभर ज्याने वर्ग घेतला, त्याला वर्गात बसण्याची सवय वेगळी लावून घ्यावी लागते.

परत येणाऱ्यासाठी एक चांगली बातमीही आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, विसरू द्यायच्या आणि पुन्हा पाठ करायच्या. त्याला असं दिसलं की, पूर्ण विसरलो असं वाटलेली यादीही दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागतो. या वाचलेल्या वेळाला त्याने ‘बचत’ म्हटलं. हाताच्या कौशल्यांबद्दल तर वीस वर्षांनी सायकलवर बसलेला माणूसच साक्ष देईल. तेव्हा आपण शून्यापासून सुरू करत नसतो. खात्यात काहीतरी शिल्लक असतं, फक्त पासबुक सापडत नसतं.

आता थोडं व्यवहाराचं. बेसच्या तारेची नेहमीची लांबी ३४ इंच असते. सुरुवातीच्या पडद्यांमधलं अंतर मोठं, त्यामुळे मनगट आणि करंगळी तक्रार करतात. यावर दोन उपाय. एक, ३० इंचाची, आखूड मानेची बेस मिळते. ती घेण्यात कमीपणा नाही. दुसरा, डबल बेसवाल्यांची जुनी रीत : खालच्या पडद्यांवर अनामिका आणि करंगळी जोडीने दाबायच्या, चारही बोटं चार पडद्यांवर ताणायची नाहीत. आणि रियाज मोबाइलच्या स्पीकरवर करू नका. इतका खालचा सूर त्या इवल्या स्पीकरला पेलतच नाही. मग आपण वाजवतो ते आपल्यालाच ऐकू येत नाही आणि उत्साह जातो. साधा हेडफोनही चालतो.

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. वाद्य खोळीत बंद करून कपाटावर ठेवू नका, बैठकीच्या खोलीत स्टँडवर उभं ठेवा. येता-जाता हात लागतो. परीक्षकाला हाकलून द्यायचं कारण नाही, पण त्याची वेळ ठरवून द्या. महिन्यातून एकदा रेकॉर्डिंग करा आणि मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवून ऐका. त्या दिवशी त्याने मत द्यावं. एरवी रोजच्या वीस मिनिटांत त्याने गप्प बसावं.

बेसचा आणखी एक गुण सांगतो, आपल्या भाषेत. तिची प्रत्येक तार ही खालच्या तारेचा मध्यम असते. म्हणजे मधल्या एखाद्या तारेवर कुठेही सा धरला, तर त्याच पडद्यावर पुढच्या बारीक तारेवर म सापडतो आणि मागच्या जाड तारेवर मंद्र प. हात हलवायचा नाही. आता बारा मात्रांचं नव्हे, बारा मापांचं एक आवर्तन घ्या : चार मापं सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म, आणि शेवटी दोन सा. झाला ब्लूजचा साचा. यावर जगभरातली किती गाणी उभी आहेत! पण यातलं महत्त्वाचं पुढे आहे. हे एकट्याने वाजवलं तर कंटाळा येतो. ड्रमवर कोणी साधा ठेका धरला, गिटारवर कोणी तीन कॉर्ड वाजवले, की तेच तीन सूर आवश्यक होतात. म्हणून पूर्ण येईपर्यंत थांबू नका, तीन सूर आले की माणसं शोधा. मंगळवारी संध्याकाळी दोघेजण आपली वाट बघणार आहेत, हे कळल्यावर सोमवारी रियाज आपोआप होतो.

शेवटचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. या वयात शिकून उपयोग काय? मैफल होणार नाही, नाव होणार नाही, आणि वर्षं किती हातात आहेत कोणास ठाऊक. इथे मी पुन्हा ॲरिस्टॉटलकडेच जातो. ‘मेटाफिजिक्स’मध्ये तो दोन प्रकारच्या क्रिया वेगळ्या करतो. घर बांधणं ही एक. ती घर उभं राहीपर्यंत अपुरी असते, आणि उभं राहिलं की संपते. बघणं, विचार करणं, चांगलं जगणं ही दुसरी. बघताना बघणं प्रत्येक क्षणी पूर्णच असतं. वाद्य शिकणं हे घर बांधणं मानलं, तर सत्तरीत हा तोट्याचा व्यवहार आहे, पाया झाला की मुदत संपायची. पण वीस मिनिटं ठेक्यात राहून तीन सूर नीट लावणं, हे त्या वीस मिनिटांत पूर्ण असतं. त्याची किंमत पुढच्या वर्षी ठरत नाही. प्रगती होतेच, ती बरोबर येते. तिची वाट बघत बसावं लागत नाही.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दीर्घ काळ, सातत्य आणि आदर. दीर्घ काळ आपल्या हातात नाही. सातत्यात खंड पडणार. आजारपण येईल, नातवंडं येतील. पडला खंड, तर त्याचा हिशेब न मांडता दुसऱ्या दिवशी वाद्य उचलावं. तिसरी गोष्ट मात्र सर्वस्वी आपली आहे. समोरच्या वाद्याचा, शिकवणाऱ्याचा आणि आपल्याच कच्च्या हाताचा आदर. तेवढा असला, तर उद्याचा क्लास चुकणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.