गोफणीतील प्रवासी

गोंदियाकडे धान पिकू लागले, की राखणदार पाखरांवर गोफण फिरवितो. गोफणीतील दगड सरळ जाऊ पाहतो. दोरी त्यास आत ओढून वर्तुळात ठेविते. फिरण्याचा वेग दुप्पट झाला, तर ही ओढ चौपट होते.

दगडाच्या जागी मनुष्य असला तर? याच जिल्ह्यात बिरसी येथे वैमानिकांना शिक्षण दिले जाते. विमान साठ अंश कलवून, उंची न बदलता वळविले, तर आतील माणसास आपले वजन दुप्पट भासते. अग्निबाण वर झेपावतानाही शरीर असेच जड होते.

हा अनुभव जमिनीवरच मिळावा, म्हणून अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एपकॉट या उद्यानात 2003 साली ‘मिशन स्पेस’ हे यंत्र सुरू झाले. मध्यखांबाभोवती फिरणाऱ्या भुजांच्या टोकांस चार-चार प्रवाशांची दहा याने जोडलेली आहेत. ती फिरू लागली, की पाठ आसनावर दाबली जाते. समोरच्या पडद्यावर आकाश दिसत असल्याने आपण वर निघालो, असेच वाटते. गती मंदावताच अंग हलके भासते. ती खरी भारहीनता मात्र नव्हे.

फिरणे जाणवत कसे नाही? आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. वेग एकसारखा राहिला, की नलिकेबरोबर द्रवही फिरू लागतो आणि गतीची जाणीव लोपते. पण कोणी कुतूहलाने मान वळविली, की तो द्रव ढवळतो. भोवळ येते, मळमळते. म्हणूनच प्रवाशांस डोके टेकवून समोर पाहण्यास बजावतात. ज्यांना हेही सोसत नाही, त्यांच्यासाठी 2006 पासून तेथे न फिरणारी यानेही ठेविली आहेत.