मधुमेह, दृष्टिपटल आणि यंत्राची नजर

लालबाग-परळकडचा मधुमेही महापालिकेच्या दवाखान्यात जातो, साखर तपासून घेतो आणि गोळ्या घेऊन घरी परततो. डोळ्यांचे काय, असे विचारले तर म्हणतो, "चांगले दिसते आहे की!" घात होतो तो येथेच. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरील, म्हणजेच दृष्टिपटलावरील, सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात. तरीही बराच काळ दिसण्यात फरक पडत नाही. तो पडू लागतो तेव्हा गेलेली दृष्टी पुष्कळदा परत मिळत नाही. वेळीच कळले तर मात्र लेसरने वा इंजेक्शनने ती बहुधा राखता येते.

हेल्महोल्ट्झने १८५१ साली नेत्रदर्शक जगापुढे मांडला, तेव्हापासून वैद्याला हा पडदा पाहता येतो. पण पाहणारा जाणकार प्रत्येक दवाखान्यात कोठून आणावा?

या प्रश्नावर नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई महापालिकेच्याच दवाखान्यांत एक प्रयोग झाला. वडाळ्याचे नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन व त्यांचे सहकारी यांनी तो केला. थोडक्या शिक्षणाने तयार झालेल्या आरोग्यसेवकाने मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने पडद्याची छायाचित्रे घेतली आणि त्याच फोनमधील कृत्रिम बुद्धीने, इंटरनेटवाचून, निकाल दिला. यात जादू काही नाही. तज्ज्ञांनी पारखलेली पुष्कळ छायाचित्रे दाखवून यंत्राला रोगट व निरोगी पडद्यांतील भेद आधी शिकवलेला असतो.

त्या २१३ जणांपैकी पुढील उपचारांसाठी पाठवण्याजोगे १५ जण तज्ज्ञांना आढळले. यंत्रानेही ते सर्व ओळखले. मात्र ज्यांना पाठवण्याची गरज नव्हती, त्यांतील शेकडा सुमारे १२ जणांवर त्याने नाहक संशय घेतला. शिवाय १५ ही संख्या लहान; तीवरून यंत्र कधी चुकणारच नाही, असे मानणे धाडसाचे होईल. आणि ते शोधत होते तो रोग एकच. त्याने 'ठीक' म्हटले, म्हणजे काचबिंदूही नाही, असे कोणी समजू नये.

तरीही आम्ही या यंत्राचे स्वागत करतो, कारण गोळ्या मिळतात तेथेच ते डोळा पाहते. पुढचे काम मात्र माणसांचे आहे. चिठ्ठी हाती पडल्यावर दिवसाची मजुरी बुडवून मोठ्या रुग्णालयात जायचे, हे हातावर पोट असलेल्याला सोपे नसते. त्या एका दिवसाची सोय आपण केली नाही, तर यंत्राने अचूक पाहूनही जायचा तो डोळा जाईलच.