आंदोलनाची स्वयंभू लय

ओटीवरच्या झोपाळ्याला एक झोका देऊन सोडून द्यावे, तर तो हळूहळू थांबतो. किल्ली दिलेल्या घड्याळाचा लंबक मात्र थांबत नाही. आरंभीचा झोका पुरेसा असला, की तो थोडा कमी असो वा अधिक, काही वेळाने लंबक आपल्या ठरीव मर्यादेतच हेलकावू लागतो. ही शिस्त त्याच्या अंगी कोठून येते?

बदलत्या राशींचा हिशेब गणितज्ञ अवकल समीकरणांनी मांडतात. त्यांतील साध्या, म्हणजे रेषीय समीकरणांत या प्रश्नाचे उत्तर नाही. तेथे घर्षण असेल तर आंदोलन विझते; नसेल तर ते आरंभीच्या झोक्याएवढेच अखंड चालते. स्वतःचे माप स्वतःच ठरविणारे आंदोलन अरेषीय समीकरणांतच संभवते. त्याची गती आलेखावर काढली, तर एक बंद वक्ररेषा मिळते, आणि आतून वा बाहेरून निघालेल्या शेजारच्या वाटा तिलाच येऊन मिळतात. फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे याने १८८१-८२ च्या सुमारास तिला 'सीमाचक्र' म्हटले.

प्वँकारेला हे शुद्ध गणितात दिसले. त्याचा प्रत्यय आला तो रेडिओच्या निर्वात नलिकेत. डच शास्त्रज्ञ बाल्थाझार व्हान देर पोल याने १९२६ साली अशा नलिकेच्या आंदोलनांचे समीकरण अभ्यासिले. आंदोलन लहान असताना नलिका त्यास शक्ती पुरविते; ते मोठे होताच तीच शक्ती हिरावून घेतली जाते. या देण्याघेण्याचा मेळ एका फेरीत पुरा बसला, की लय स्थिरावते. ही आंदोलने म्हणजे प्वँकारेची सीमाचक्रेच होत, हे रशियन शास्त्रज्ञ आंद्रोनोव्ह याने १९२९ साली दाखवून दिले.

व्हान देर पोल एवढ्यावर थांबला नाही. १९२८ साली व्हान देर मार्क या सहकाऱ्यासह त्याने अशीच तीन विद्युत्-आंदोलके जोडून हृदयाची प्रतिकृती रचिली. त्यांतील दुवा क्षीण करताच, हृदयरोग्याच्या नाडीप्रमाणे, काही ठोके गळू लागले. हृदयाची लयही बाहेरून कोणी लादलेली नसते. ती आतूनच उपजते, आणि दुवा सैल झाला की बिघडते.

तथापि सीमाचक्रांचा शोध संपलेला नाही. दोन राशींच्या द्विघाती समीकरणांत जास्तीत जास्त किती सीमाचक्रे असू शकतील, हा प्रश्न हिल्बर्टने १९०० साली मांडलेल्या प्रश्नमालिकेत येतो. चार सीमाचक्रांची उदाहरणे हाती आहेत. पाचवे अशक्य आहे, असे मात्र अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.