तंबाखूचे कायदे आणि विलंबाचा व्यापार

तंबाखू-उद्योगाचे राजकारण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंधारातली देवघेव उभी राहते. तशी ती मुळीच होत नसेल, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु सार्वजनिक आरोग्याचे कायदे अडविण्याचे खरे काम बहुधा दिवसाढवळ्या, निवेदने, याचिका आणि समित्या यांच्या सभ्य भाषेत चालते. त्या भाषेत ‘कायदा नको’ असे कोणी म्हणत नाही. ‘आणखी थोडा अभ्यास व्हावा’ एवढीच विनंती असते.

मराठवाड्याच्या वेशीवरचेच उदाहरण घेऊ. तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असावा, असा नियम केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये काढला. १ एप्रिल २०१५ पासून त्याचा अंमल व्हायचा होता. तो दिवस तोंडावर आला असताना, कायद्याखाली निघणारे नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीने अंमल थांबविण्यास सांगितले. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) खासदार दिलीप गांधी. तंबाखूचा कर्करोगाशी संबंध दाखविणाऱ्या पाहण्या परदेशातल्या आहेत, भारतात तसा अभ्यास झालेला नाही, असे त्यांचे म्हणणे. समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता, हे स्वतः विडीचे कारखानदार. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते.

भारतात अभ्यास नाही, या विधानाचे आश्चर्य निदान महाराष्ट्रीयांना तरी वाटायला हवे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांविषयीचा शोधनिबंध १९७२ मध्येच प्रसिद्ध केला होता. आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही १९७८ पासून ठेवली जात आहे. नोंदवही कारण सिद्ध करीत नाही, ती मोजदाद करते, हे खरे. पण कारणाचा शोध आणि रुग्णांची मोजदाद ही दोन्ही कामे याच भूमीत सुरू होऊन कित्येक दशके लोटली होती. समितीला पुरावा सापडत नव्हता, असे म्हणण्यापेक्षा तो शोधण्याची निकड भासत नव्हती, असेच म्हणावे लागेल.

परिणाम काय झाला? नियम रद्द झाला नाही. एक वर्ष पुढे गेला. समितीने नंतर ५० टक्क्यांवर तडजोड सुचविली, ती सरकारने स्वीकारली नाही आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा अंमल सुरू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. उद्योगाचा पराभव झाला, असे कोणी म्हणेल. मात्र ज्याचा माल रोज विकला जातो, त्याला पराभवापूर्वीचे वर्ष हीसुद्धा मिळकतच असते.

गुटख्याच्या बाबतीत हा हिशेब अधिक स्पष्ट दिसतो. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली. उत्पादक न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही, असे ठरवून ती बंदी रद्द केली. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. त्यात हेतूचा दोष काढण्याचे कारण नाही. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा आला, त्याखालचे नियम झाले, आणि बंदी पुन्हा अमलात यायला जुलै २०१२ उजाडावा लागला. २००४ मध्ये चौथीत असलेला मुलगा तोपर्यंत बारावीत पोचला होता. शिक्षकांना या आठ वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हा विलंब मिळविण्यासाठी नेहमी पुढे केला जातो तो शेतकरी आणि विडी-कामगार. त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू-उत्पादक शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर बसले ते आरोग्याच्या कायद्याविरुद्ध नव्हे, तर त्यांना भाव न देणाऱ्या खरेदीदारांविरुद्ध. त्या आंदोलनावर गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांना रास्त भावासाठी प्राण द्यावे लागले, त्यांच्या नावाने आज व्यापाऱ्याच्या नफ्याचे संरक्षण मागितले जावे, हा दैवदुर्विलास म्हणायचा की चातुर्य?

सरकारची स्थितीही विचित्र आहे. सिगारेटच्या देशातील सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीत, आयटीसीत, आयुर्विमा महामंडळाचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यांशीही त्याचा संबंध पोचतो. याविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तिच्या याचिकाकर्त्यांत सुमित्रा पेडणेकर होत्या. त्यांचे पती, राज्याचे माजी मंत्री सतीश पेडणेकर, तोंडाच्या कर्करोगाने गेले.

तंबाखू-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००४ मध्येच मान्यता दिली आहे. त्याचे कलम ५.३ सांगते, की आरोग्यधोरण तंबाखू-उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपले पाहिजे. त्यासाठी नवी यंत्रणा उभी राहीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. समितीतल्या एखाद्या सदस्याचा विषयात वैयक्तिक वा आर्थिक हितसंबंध असेल, तर त्याच्या समावेशाला आक्षेप घेण्याची सोय लोकसभेच्या नियमावलीत, २५५व्या नियमात, आहे. निर्णय अध्यक्ष देतात. आक्षेप घ्यायचा तो सदस्यांनी. आपल्या खासदाराला पत्र लिहून तो घ्यायला सांगणे मात्र मतदारांच्या हाती आहे, आणि अशी पत्रे समितीची बैठक होण्यापूर्वी पोचली पाहिजेत.