बिस्किटातली साखर आणि फडातली मुलं



बालकामगार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चहाच्या टपरीवरचा 'छोटू' येतो. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२४ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरी करतात, आणि त्यांतली ६१ टक्के शेतीकामात आहेत. त्यांतल्या काहींच्या कष्टाचा माल चार-पाच हातांतून फिरून कंपन्यांपर्यंत पोचतो.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर भागातली लाखो माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांचं अर्धं शाळेचं वर्ष तिथेच जातं. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि मजुरी टनावर. उचल फिटायची तर जास्त ऊस तोडला पाहिजे. मग मुलगा मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करतो. मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते. त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. कंपनी म्हणते, साखर कारखान्याची. कागदोपत्री सगळं कसं चोख!

मग 'खरेदीच बंद' केली तर? तसं केल्याने त्या घरची चूल थंडावते आणि मूल आणखी लपलेल्या कामाला लागतं.

पाकिस्तानातल्या सियालकोटचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे फुटबॉल घरोघरी शिवले जात, त्यात मुलंही असत, आणि घरात तपासणी करणार कोण? १९९७ च्या अटलांटा कराराने शिलाई नोंदणी केलेल्या केंद्रांत आणली, तपासनीस नेमले, मुलांच्या शाळेची सोय पाहिली. पण बाहेर जाऊ न शकणाऱ्या बायकांचं काम गेलं. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रं काढावी लागली. म्हणजेच मुलाला कामातून काढताना मोठ्यांची कमाईही सांभाळावी लागते.

साखर घेणाऱ्या कंपन्यांना तीन गोष्टी नक्की करता येतील.

पहिली : कारखान्याच्या गेटवर न थांबता फडापर्यंत जाऊन पाहणं.

दुसरी : नवरा आणि बायको यांची मजुरी वेगवेगळी नोंदवली जावी, उचलीचा लेखी हिशेब असावा, अशी अट खरेदी करारात घालणं, आणि त्याचा खर्च साखरेच्या भावात धरणं. भाव पाडून घ्यायचा आणि वर अटी घालायच्या, हे चालायचं नाही.

तिसरी : गावाकडची हंगामी वसतिगृहं आणि कारखान्यावरच्या साखरशाळा यांना नेमाने, दरवर्षी पैसा देणं.

आपण ब्रिटनमध्ये राहून काय करू शकतो? इथल्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीबद्दल दरवर्षी निवेदन काढावं लागतं. आपल्यापैकी कित्येक जण अशा कंपन्यांत नोकरीला आहेत. ते निवेदन काढून वाचा आणि खरेदी विभागाला सरळ विचारा, "आपण शेवटच्या कडीपर्यंत जाऊन पाहिलंय का?" ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांनी हाच प्रश्न आपल्या घाऊक व्यापाऱ्याला विचारावा.

देणगीने मूल शाळेत येईल. पण ते तिथे टिकायचं असेल, तर त्याच्या आईबापांना कामाचे पुरते पैसे मिळायला हवेत. ते देणं मात्र धंदेवाल्यांच्याच हातात आहे. बघा, पटतंय का!