सारिका काळे आणि धाराशिवचा खो-खो

भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. दुष्काळ आणि तुळजाभवानी या दोन गोष्टींसाठीच बाहेर ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात यामुळे क्रीडापानावरची बातमी घरोघरी पोचली.

खो-खोला लागते तरी काय? सुमारे २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मोकळी जागा, दोन टोकांना दोन खांब आणि चुन्याच्या रेषा. बॅट नको, रॅकेट नको. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या रेषेवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. समोरून संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते. जिल्हा परिषदेच्या शाळेलाही परवडेल असा हा खेळ. पण खेळाडूच्या पोटाला लागणारा खुराक मात्र तितका स्वस्त नसतो.

सारिका यांच्या घरची अडचण नेमकी तिथेच होती. कित्येक वर्षे दिवसाला एकच जेवण मिळत असे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. वयाच्या तेराव्या वर्षापासून मैदानावर असलेल्या या खेळाडूने २०१६ मध्ये घरच्या विवंचनेमुळे खेळ सोडायचे ठरवले होते. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली, त्यांनी समजूत घातली आणि सारिका पुन्हा मैदानात उतरल्या. त्यांच्या यशाची गोष्ट सांगताना पदकाचा उल्लेख हमखास होतो, आजीचा क्वचितच होतो. त्याच वर्षी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला आणि गुवाहाटीत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले.

पुढे शासनाने त्यांना क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी दिली, तीही जिल्ह्यातच, तुळजापूरला. खेळातून पोट भरता येते का, हा मुलींच्या आईबापांचा पहिला प्रश्न असतो. भिंतीवरच्या चित्रातला क्रिकेटपटू त्याचे उत्तर देऊ शकत नाही. तालुक्याच्या कचेरीत बसणारी अर्जुन पुरस्कारविजेती देते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.